मोटारसायकलचे ब्रेक ऑइल ठरावीक काळाने बदलावे का?

जुळे सोलापुरातील एका गृहस्थांनी विचारले आहे की, त्यांची दीडशे सीसीची मोटारसायकल २०१९ सालची असून ३८,००० किलोमीटर चालली आहे, पुढे एबीएससह (म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेसह) डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहे, ब्रेक ऑइल आजवर एकदाही बदललेले नाही आणि तरीही ब्रेक उत्तम लागतो. सर्व्हिस सेंटरमध्ये ते बदलण्याचा आग्रह धरला जातो, तर शेजारी म्हणतात की हा बिल फुगवण्याचा प्रकार आहे. यात खरे कोणाचे, असा त्यांचा प्रश्न आहे. सोलापुरात सत्तावीस वर्षे दुचाकींचे काम करत आलेला मिस्त्री म्हणून माझे उत्तर असे की, ब्रेक ऑइल बदलावे, साधारणपणे दर दोन वर्षांनी बदलावे, आणि ते किलोमीटर न पाहता तारीख पाहून बदलावे. शेजाऱ्यांचा संशय मात्र मी सरसकट खोडून काढणार नाही. त्यालाही थोडा आधार आहे आणि तो कोणता, ते पुढे सांगतो.

प्रथम नावाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. आपण सगळेच, मीसुद्धा, 'ब्रेक ऑइल' म्हणतो, पण डिस्क ब्रेकमधील हा द्रव तेल नव्हे. तो ग्लायकॉल ईथर या जातीच्या रसायनांपासून बनवलेला असतो आणि पाण्यात सहज विरघळतो. हा शब्दाचा खेळ वाटत असेल, तर एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी मोहोळच्या बाजूचे एक शेतकरी गाडी टेम्पोत घालून माझ्याकडे घेऊन आले. हँडलवरच्या डबीत पातळी कमी दिसली म्हणून त्यांच्या मुलाने घरात शिल्लक असलेले इंजिन ऑइल तीत ओतले होते. ब्रेकमधील रबरी सील ग्लायकॉलसाठी बनवलेले असतात, खनिज तेल लागले की ते फुगतात. आठवड्याभरात पुढचे चाक फिरेनासे झाले. मास्टर सिलिंडरचा (लिव्हरजवळ द्रवाला दाब देणाऱ्या भागाचा) किट, कॅलिपरचे (चाकाजवळ डिस्कला आवळणाऱ्या भागाचे) सील आणि या दोघांना जोडणारी नळी म्हणजे होज असे सगळेच बदलावे लागले, आणि ज्या बाटलीने हे टळले असते तिच्या कितीतरी पट खर्च झाला. चूक मुलाची होती असे मला तेव्हाही वाटले नाही, कारण आपणच त्या वस्तूला ऑइल म्हणत आलो आहोत.

आता हा द्रव जुना का होतो, ते पाहू. आपण लिव्हर ओढतो तेव्हा मास्टर सिलिंडरमधील छोटा पिस्टन द्रवाला पुढे ढकलतो. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे तो दाब होजमधून जसाच्या तसा कॅलिपरपर्यंत पोहोचतो आणि तेथील मोठा पिस्टन पॅडला डिस्कवर आवळतो. या साऱ्या व्यवस्थेचा भरवसा द्रव दाबला जात नाही या एकाच गुणावर आहे. ग्लायकॉलच्या द्रवाला मात्र हवेतील ओलावा शोषून घेण्याची सवय असते. डबीचे झाकण वर्षानुवर्षे न उघडताही हा ओलावा आत शिरतो. मुख्यतः तो होजच्या आणि सीलच्या रबरातून हळूहळू झिरपतो, थोडा डबीतील रबरी पडद्यातूनही येतो. अनेकांना हा या द्रवाचा दोष वाटतो, पण एका अर्थाने ती सोयच आहे. आत आलेले पाणी द्रवात विरघळले नसते, तर त्याचे थेंब कॅलिपरच्या तळाशी साचले असते, १०० अंशांना उकळले असते आणि साचले तेथेच धातू खात बसले असते. विरघळल्यामुळे पाण्याचा उपद्रव सगळीकडे थोडा थोडा वाटला जातो आणि आपल्याला सवड मिळते. ही सवड म्हणजेच ती दोन वर्षे.

डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असे लिहिलेले असते. 'डॉट' ही अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या नावाची आद्याक्षरे आहेत आणि त्या खात्याच्या मानकात प्रत्येक प्रतीसाठी दोन उत्कलनबिंदू ठरवून दिले आहेत. पहिला कोऱ्या द्रवाचा, दुसरा ओलावा शोषलेल्या द्रवाचा, म्हणजे सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळलेल्या द्रवाचा. डॉट ३ साठी हे किमान आकडे २०५ आणि १४० अंश सेल्सिअस आहेत, डॉट ४ साठी २३० आणि १५५, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. डॉट ४ चे आकडे पुन्हा पाहा. शंभर भागांत चार भागही पाणी नाही, तरी उकळण्याची मर्यादा ७५ अंशांनी खाली आली. येथे एक गैरसमज दूर करतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांपर्यंत जातो म्हणून ब्रेक ऑइल उकळते, असे लोक सांगतात, पण तसे होत नाही. उन्हाची झळ या हिशेबात अगदी किरकोळ आहे. द्रव तापतो तो डिस्क आणि पॅड यांच्या घर्षणाने. ती उष्णता पॅडमधून पिस्टनमध्ये आणि पिस्टनमधून त्याच्या पाठीशी असलेल्या द्रवात उतरते.

हे तापणे कसे असते, ते मी एकदा फार जवळून पाहिले आहे. एक तरुण पत्नी आणि लहान मुलाला घेऊन तुळजापूरहून दर्शन करून परतत होता. गाडीला पुढेमागे डिस्क होती आणि घाट उतरताना पाय मागच्या ब्रेकवर सतत ठेवून चालवण्याची त्याला सवय होती. घाटाच्या शेवटच्या वळणांवर पेडल अचानक खालपर्यंत गेले आणि मागचा ब्रेक शून्य झाला. पुढचा ब्रेक शाबूत होता आणि त्याने गिअर उतरवला म्हणून गाडी थांबली. रस्त्याच्या कडेला अर्धा तास बसून त्याने पुन्हा पेडल दाबून पाहिले, तर ब्रेक पूर्ववत लागत होता. सोलापुरात आल्यावर त्याने दोघांना गाडी दाखवली. दोघांनीही पेडल दाबून 'काही झालेले नाही' असे सांगितले, आणि त्यांच्या समोर तरी खरोखरच काही झालेले नव्हते. द्रवातील पाण्याची वाफ झाली की वाफ दाबली जाते, त्यामुळे आपला सगळा जोर ती वाफ दाबण्यातच खर्च होतो. थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा पाणी होते आणि पुरावा नाहीसा होतो. माझ्याकडे डबी उघडली तेव्हा आत कोऱ्या चहाच्या रंगाचा द्रव होता आणि तळाला बोटाला लागेल असा काळपट गाळ होता. गाडी पाच वर्षांची होती आणि द्रव कारखान्यातून आला तोच होता.

असे प्रसंग विरळ आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सात रस्ता ते आसरा चौक एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्याचा द्रव उकळण्याइतका कधी तापणारच नाही, आणि नऊ-नऊ वर्षे ऑइल न बदलता निर्धास्त फिरणारी मंडळी माझ्या ओळखीत आहेत. माझ्या टेबलावर रोज येणारे नुकसान वेगळेच असते आणि ते संथपणे होते. कोऱ्या द्रवात गंज रोखणारी रसायने मिसळलेली असतात. ती कालांतराने संपतात आणि मग ओला द्रव धातू खाऊ लागतो. असा कॅलिपर खोलला की पिस्टनच्या चकचकीत अंगावर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसतात, आणि सील ज्या खाचेत बसते त्या खाचेत पांढरट, चुन्यासारखा थर धरलेला असतो. हा थर सीलला मागून दाबतो, सील पिस्टनला घट्ट धरते, आणि लिव्हर सोडल्यावर केसभर मागे यायला हवा तो पिस्टन तेथेच अडकून राहतो. त्यामुळे पॅड डिस्कला घासत राहते. मालकाला एवढेच जाणवते की गाडी ढकलताना जड लागते, पॅड लवकर संपतात आणि ॲव्हरेज कमी झाले आहे. सतत घासणारा पॅड द्रवालाही सतत तापवत असतो, त्यामुळे गंज आणि उकळणे ही संकटे शेवटी एकमेकांना जाऊन मिळतात.

मास्टर सिलिंडरमध्ये डबीच्या तळाशी एक अतिशय बारीक छिद्र असते. द्रव तापून फुगला की जास्तीचा द्रव या छिद्रातून डबीत परततो. जुन्या द्रवाच्या गाळाने ते बुजले की परतीची वाट बंद होते, आणि चालता चालता ब्रेक आपोआप आवळत जाऊन चाक जाम होते. अशा वेळी पुष्कळदा कॅलिपरला दोष देऊन तो बदलला जातो आणि आठ दिवसांनी तीच तक्रार परत येते. तेथे छिद्र साफ करणे एवढेच काम असते, पण त्यासाठी डबीच्या तळाशी डोकावून पाहावे लागते.

दोन वर्षे हाच आकडा का, याविषयी थोडे मतभेदाला जागा आहे. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत दोन वर्षे दिलेली असतात. कंपनीला कोकणातल्या दमट हवेपासून आपल्या कोरड्या हवेपर्यंत सगळ्यांसाठी एकच आकडा लिहायचा असतो. सोलापुरात पाऊस कमी आणि वर्षातील बराच काळ हवा कोरडी असते, त्यामुळे येथे ओलावा तुलनेने सावकाश शिरत असणार हे उघड आहे. केवळ शहरात, एकट्याने आणि सावकाश गाडी चालवणाऱ्या माणसाने तिसरे वर्ष ओलांडले, तर मी त्याच्याशी वाद घालत नाही. मात्र जो दर आठवड्याला तुळजापूर किंवा अक्कलकोटला दोघांना घेऊन जातो, पुण्याच्या महामार्गावर वेगाने गाडी चालवतो, किंवा उसाच्या हंगामात रात्रीच्या वेळी दिव्याविना चाललेल्या ट्रॉलीमागे अचानक ब्रेक मारण्याची पाळी ज्याच्यावर येते, त्याने पुस्तिकेतला आकडा पाळावा. घाटात वारंवार जाणाऱ्याने एका वर्षातच बदलले तरी ते वाया जात नाही.

रंगावरून निर्णय घेऊ नये. कोरा द्रव फिक्या शेंगतेलासारखा दिसतो आणि जुना गडद होतो हे खरे असले, तरी गडद होण्याचे कारण बहुधा रबराचे सूक्ष्म कण आणि उष्णता हे असते. पाण्याला रंग नसतो, म्हणून स्वच्छ दिसणारा द्रवही ओला असू शकतो. बाजारात पेनासारखे परीक्षक मिळतात आणि ते द्रवातून वीज किती वाहते त्यावरून पाण्याचा अंदाज देतात. निरनिराळ्या कंपन्यांच्या द्रवांत मूळचाच फरक असल्याने मी त्यांचा उपयोग ग्राहकाला समजावण्यापुरताच करतो. तारीख हा अधिक भरवशाचा निकष आहे.

आता शेजाऱ्यांच्या संशयाकडे येतो. तीन-चार महिन्यांच्या प्रत्येक सर्व्हिसला बिलात 'ब्रेक ऑइल' अशी ओळ दिसत असेल, तर संशय घेण्यास पूर्ण वाव आहे. पुष्कळदा ते बदललेले नसते, डबीत चमचाभर वरून टाकलेले असते. पॅड झिजले की पिस्टन बाहेर सरकतात, त्यांच्या मागच्या जागेत द्रव उतरतो आणि डबीतील पातळी खाली जाते. पातळी उतरली म्हणजे पॅड पाहा, असा त्याचा अर्थ असतो. तेथे वरून भर घातली की ती सूचनाच पुसली जाते, आणि पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे सारले की तोच द्रव झाकणातून बाहेर येऊन टाकीचा रंग खातो. पॅड शाबूत असूनही पातळी उतरत असेल, तर कोठेतरी गळती आहे आणि ती शोधणे भर घालण्यापेक्षा तातडीचे आहे. ज्यांच्या गाडीला दोन्हीकडे ड्रम ब्रेक आहेत त्यांना तर हा विषयच लागू होत नाही, कारण तेथे द्रव नसतो, केबल किंवा रॉड असतो. अशा गाडीच्या बिलातही ब्रेक ऑइलची ओळ मी एकदा वाचलेली आहे.

काम खरोखर झाले की नाही, हे ओळखायला ते कसे होते ते माहीत असावे. हँडल वळवून डबी सपाट करतात आणि टाकीवर ओला फडका टाकतात, मी यासाठी जुना सोलापुरी टॉवेल ठेवतो. डबीच्या झाकणाचे दोन छोटे स्टार स्क्रू मऊ धातूत वर्षानुवर्षे बसून धरलेले असतात. पेचकस घट्ट बसवून त्याच्या मुठीवर हातोडीचा एक हलका ठोका दिल्याशिवाय ते फिरवू नयेत, नाहीतर त्यांची तोंडे घासतात आणि दहा मिनिटांचे काम दोन तासांचे होते. जुना द्रव सिरिंजने ओढून, डबी पुसून, नवा भरतात. मग कॅलिपरच्या निपलला, म्हणजे द्रव बाहेर सोडण्याच्या छोट्या तोटीला, रिंग पाना लावून त्यावर पारदर्शक नळी चढवतात आणि नळीचे दुसरे टोक बाटलीत सोडतात. लिव्हर ओढून धरायचा, निपल पाव फेरा उघडायचा, द्रव बाहेर आला की निपल बंद करायचा आणि मगच लिव्हर सोडायचा, असा हा क्रम आहे. शेवटच्या दोन पायऱ्यांची अदलाबदल झाली तर नळीतली हवा उलट आत ओढली जाते. डबी कधीही रिकामी होऊ द्यायची नाही. नळीतला गडद रंग जाऊन स्वच्छ द्रव येऊ लागला आणि बुडबुडे थांबले की काम झाले. एका बाजूच्या ब्रेकला साधारण १०० मिलिलिटर द्रव लागतो, म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत पुढचा आणि मागचा दोन्ही होतात. उरलेला द्रव पुढच्या वर्षासाठी ठेवू नये, कारण सील तोडलेल्या बाटलीत तो ओलावा पीतच राहतो. म्हणून बाटली आपल्यासमोर फोडायला सांगणे हा ग्राहकाचा हक्क आहे. रंगावर थेंब पडला तर नुसते पुसू नका, भरपूर पाणी ओता. हा द्रव पाण्यात विरघळतो, तो गुण येथे कामी येतो.

प्रत झाकणावर लिहिलेली असेल तीच वापरावी. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालते, उलटे करू नये. नाव जवळचे असले तरी डॉट ५ हे सिलिकॉनचे असते, ते ग्लायकॉलच्या द्रवात मिसळायचे नसते आणि एबीएसच्या गाडीत तर घालायचेच नसते. डॉट ५.१ मात्र ग्लायकॉलचेच आहे. या आकड्यांनी दुकानदारही फसतात, म्हणून बाटलीवरचे स्वतः वाचावे.

प्रश्नकर्त्यांच्या गाडीबाबत एबीएसमुळे थोडी अधिक काळजी घ्यावी लागेल. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले, त्यामुळे आता अशा पुष्कळ गाड्या जुन्या होऊन गॅरेजमध्ये येऊ लागल्या आहेत. पुढच्या ब्रेकचा द्रव एबीएसच्या युनिटमधील अतिशय बारीक झडपांतून जातो. तेथे गंज किंवा गाळ अडकला तर ते युनिट खोलून दुरुस्त करण्यासारखे नसते, आणि नव्याची किंमत ऐकल्यावर ग्राहक खुर्चीत बसतो. याच कारणाने नवे पॅड बसवताना पिस्टन मागे सारण्यापूर्वी निपल उघडावा, म्हणजे कॅलिपरमधला सर्वांत घाण द्रव युनिटकडे न जाता बाहेर पडतो. डबी रिकामी न होऊ देता केलेल्या साध्या बदलाला बहुधा स्कॅनर (गाडीच्या इलेक्ट्रॉनिक युनिटला जोडायचे यंत्र) लागत नाही. मात्र युनिटमध्ये हवा शिरली तर काही गाड्यांत तो लागतो, म्हणून हे काम एबीएसच्या गाड्या रोज हाताळणाऱ्याकडूनच करून घ्यावे.

तेव्हा आपण या महिन्यात हे काम करून घ्यावे आणि जाण्यापूर्वी घरीच एक गोष्ट पाहावी. गाडी मुख्य स्टँडवर घेऊन पुढचे चाक उचलून हाताने फिरवावे आणि ब्रेक एकदा दाबून सोडल्यावर ते पुन्हा मोकळे फिरते का ते तपासावे. मोकळे फिरत असेल तर नुसता द्रव बदलणे पुरेल. अडखळत असेल तर कॅलिपर खोलून पिस्टन आणि सील पाहण्यास सांगावे आणि त्याचा खर्च आधी विचारून घ्यावा. इतक्या वर्षांत न उघडलेला निपल गंजून बसलेला असण्याची शक्यता आहे. तो जोराने फिरवला तर मोडतो, म्हणून गंज सोडवणारा फवारा मारून रात्रभर ठेवण्याची मिस्त्रीला मुभा द्यावी. गाडी ताब्यात घेताना इंजिन सुरू करण्याआधी लिव्हर आठ-दहा वेळा ओढून तो कडक लागतो याची खात्री करावी, आणि डबीच्या बाजूला कागदी टेपचा तुकडा लावून त्यावर बदलल्याचा महिना आणि साल लिहून घ्यावे.